मागच्या दाराने रणांगणावर

परवा संध्याकाळी कराडहून मामेभावाचा फोन आला. इथे सात वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा. एवढ्या उशिरा भारतातून फोन आला की परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात आधी गोळाच येतो. पण सगळे खुशाल होते. विषय त्याच्या मुलाचा होता. पोरगा चोवीस वर्षांचा. दोनदा भरतीला उतरला, एकदा धावण्यात राहिला, एकदा मेडिकलला. आता अग्निवीरचं वयही गेलं. अशात कुणी एजंट भेटलाय. रशियात सैन्यासाठी 'हेल्पर'चं काम, महिना दीड-दोन लाख, पुढे तिथलं नागरिकत्वही.

"ताई, तू बाहेर असतेस, तुला कळतं यातलं. लढायला नाही नेणार, नुसतं सामान उतरवायचं, असं तो म्हणतो. खरं असेल का गं?"

मी म्हटलं, चौकशी करून सांगते. चौकशी कसली करायची? गेल्या दोन वर्षांच्या बातम्या डोळ्यांसमोरच होत्या. पण नुसतं "नको पाठवू" म्हणून भागत नाही. घरात तरणा मुलगा रिकामा बसलेला बापाला दिसतो, त्याला कारण द्यावं लागतं.

ते कारण मला कार्डिफमध्येच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडलं. कॅथेज पार्कमध्ये सिटी हॉल आणि विद्यापीठाच्या इमारतींच्या मधोमध अलेक्झांड्रा गार्डन्स नावाची बाग आहे. तिच्यात वेल्सचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, गोलाकार खांबांचं, १९२८ सालचं. भारतातून आलेले पाहुणे तिथे हमखास फोटो काढतात. त्याच बागेत स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेलेल्या वेल्श स्वयंसेवकांचंही एक स्मारक आहे. त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षं त्याच्या शेजारून डबा घेऊन कामावर जात होते. मोठं स्मारक सरकारने पाठवलेल्यांचं आहे. धाकटं, सरकार नको म्हणत असताना गेलेल्यांचं. एकाच बागेतल्या या दोन स्मारकांत जो फरक आहे, तोच मला मामेभावाला समजावून सांगायचा होता.

जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या सैन्यातल्या सेनापतींनी निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं आणि देश दुभंगला. बंडखोरांचं नेतृत्व लवकरच जनरल फ्रँकोकडे आलं. त्याच्यापुढची पहिली अडचण वाहतुकीची होती. त्याचं सर्वांत कसलेलं सैन्य मोरोक्कोत अडकलेलं, मधे समुद्र, आणि आरमाराचा मोठा भाग सरकारच्या बाजूने. हिटलरने युंकर्स-५२ जातीची विमानं पाठवली आणि जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान तेरा हजारांहून अधिक सैनिक उडवत दक्षिण स्पेनमध्ये आणून टाकले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हवाई मार्गाने सैन्य हलवण्याची ही जगातली पहिली वेळ मानतात. ही विमानं वेळेवर आली नसती तर बंड कदाचित काही आठवड्यांतच आटोपलं असतं. पुढची जवळपास तीन वर्षं आणि लाखो माणसांचे जीव त्या प्रवासावर अवलंबून होते.

आणि त्या विमानात बसलेले कोण होते? त्यातले कितीतरी जण मोरोक्कोतल्या डोंगराळ, दुष्काळी भागातले गरीब शेतकरी. युद्ध संपेपर्यंत फ्रँकोने अशा सत्तर हजारांच्या आसपास मोरोक्कन लोकांना स्पेनमध्ये लढवलं. ज्या स्पेनने दहा वर्षांपूर्वी त्यांची बंडं चिरडली होती, त्याच स्पेनच्या भांडणात पोटासाठी त्यांनी बंदूक धरली. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी बसऱ्याला उतरून कूतच्या वेढ्यात अडकल्या, उपाशी राहिल्या, घोड्याचं मांस खायचं की नाही यावर अडून बसल्या, ते आठवतं. लढाई दुसऱ्याची, भूक मात्र आपली.

मुसोलिनीने तर अख्खं सैन्यच पाठवलं आणि त्याला नाव दिलं 'स्वयंसेवक दल'. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहाराच्या लढाईत जे इटालियन पकडले गेले, त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं की आम्हाला ॲबिसिनियात मजुरीच्या कामाला नेतो म्हणून भरती केलं होतं. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला. सामान उतरवायचं काम, ॲबिसिनियातली मजुरी. नव्वद वर्षांत एजंटांना नवी थापसुद्धा सुचलेली नाही!

आता कार्डिफकडे येऊ. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी 'हस्तक्षेप करायचा नाही' असं धोरण ठरवलं. सप्टेंबर १९३६ पासून लंडनमध्ये त्यासाठी एक समिती बसायची. जर्मनी आणि इटली त्या समितीचे सभासद होते, आणि तिकडे त्यांचीच विमानं स्पेनवर बॉम्ब टाकत होती. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने १८७० चा एक जुना कायदा बाहेर काढून जाहीर केलं की स्पेनमध्ये लढायला जाणं हा गुन्हा आहे. पासपोर्टवर 'स्पेनसाठी वैध नाही' असे शिक्के पडू लागले.

तरीही वेल्समधून दीडशेच्या वर माणसं गेली. त्यातली बहुतेक दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांतले खाणकामगार होते. कार्डिफपासून ट्रेनने साधारण तासाभरावर ऱ्होंडा आहे, मर्थर आहे, ॲबरडेअर आहे. त्या काळात खाणी बंद पडलेल्या, बेकारी भयानक, पण युनियन आणि वाचनालयं मजबूत. ही माणसं पैशासाठी गेली नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. फॅसिझम इथेच थांबवला नाही तर उद्या आपल्या दारात येईल, असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांचं खरंच ठरलं.

त्यांचा प्रवास असा असायचा. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून पॅरिसचं शनिवार-रविवारच्या सहलीचं तिकीट काढायचं, कारण त्या तिकिटाला पासपोर्ट लागत नसे. पॅरिसमध्ये कामगार संघटनेच्या कचेरीत हजेरी, डॉक्टरची तपासणी, मग रात्रीच्या गाडीने दक्षिण फ्रान्स. तिथून बसने पिरेनीज पर्वताच्या पायथ्याला. फ्रेंच सीमा बंद झाल्यावर पुढचं अंतर रात्री चालूनच काटायचं. पायात दोऱ्याच्या तळव्यांच्या चपला, म्हणजे खडकावर आवाज होत नाही. वाट दाखवायला नेहमी माल चोरून नेणारे स्थानिक लोक. सिगारेट नाही, बोलणं नाही, एकमेकांच्या मागे अंधारात चढायचं. पहाट झाली की खाली स्पेन. मग फिगेरासचा किल्ला, तिथून रेल्वेने आल्बासेते या तळावर.

समुद्रमार्गही निर्धोक नव्हता. ३० मे १९३७ ला 'सियुदाद दे बार्सेलोना' हे स्वयंसेवकांना घेऊन निघालेलं जहाज पाणबुडीने बुडवलं. स्पेनच्या मातीवर पाय ठेवायच्या आधीच साठएक जण गेले. कुठल्याही सरकारच्या खात्यात ते सैनिक नव्हतेच, तेव्हा सैनिक म्हणून त्यांची नोंद कोण करणार?

आल्बासेतेला पोचल्यावर पहिली गोष्ट काय व्हायची? पासपोर्ट असेल तर काढून घेतला जायचा. सांभाळून ठेवतो म्हणून. अनेकांना तो परत मिळालाच नाही. रशियाला गेलेल्या आपल्या मुलांनी व्हिडिओत जे सांगितलं त्यातलं पहिलं वाक्य हेच होतं, की आमचे पासपोर्ट काढून घेतले. स्पेनमध्ये ज्यांच्यासाठी ही माणसं लढत होती त्यांचा हेतू चांगला होता, असं मी मानते. तरी पासपोर्ट गेला तो गेलाच. किती महिने लढायचं, रजा कधी, घरी परत केव्हा, याचं लेखी उत्तर कुणाकडेच नव्हतं. कुणी कंटाळून, घाबरून पळाला तर त्याला कोठडी. ध्येयासाठी गेलेल्याच्या वाट्याला आणि फसवून नेलेल्याच्या वाट्याला इथपर्यंत एकच गोष्ट येते. आपल्या डाव्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

ब्रिटिश बटालियनची पहिली मोठी लढाई फेब्रुवारी १९३७ मध्ये माद्रिदजवळ खारामा नदीच्या खोऱ्यात झाली. बऱ्याच जणांच्या हाती नीट रायफली जेमतेम काही दिवस आधी आल्या होत्या. १२ तारखेला सकाळी सुमारे सहाशे माणसं ऑलिव्हच्या बागांमधून पुढे गेली. मशिनगनच्या पट्ट्यांत भलत्याच मापाच्या गोळ्या भरलेल्या निघाल्या, त्यामुळे ऐन वेळी तोफखान्याइतकीच गरजेची असलेली मशिनगन कित्येक तास मुकी राहिली. दिवस संपेपर्यंत लढू शकतील अशी सव्वादोनशेच्या आसपास माणसं उरली. एका दिवसात एवढी हानी कशामुळे? शत्रूच्या शौर्याइतकाच दोष चुकीच्या पेटीचा आहे. युद्धावरचे सिनेमे पाहून आपल्याला वाटतं की लढाई म्हणजे धावणं आणि गोळीबार. प्रत्यक्षात निम्मी लढाई ट्रक, पेट्या, खेचरं आणि स्वयंपाकी यांची असते.

बाकी दिवस खंदकात. पाऊस पडला की दोऱ्याच्या चपला चिखलात भिजून फुगायच्या, मग कुजायच्या. उवा तर इतक्या की शिवणीतल्या उवा मेणबत्तीवर जाळणं हा रोजचा उद्योग होता. जेवण म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेले काबुली चणे, कडधान्यं, पाव, कधी खेचराचं मांस. आपल्याला चण्याचं काही वाटणार नाही, आपण वर कांदा-लिंबू मागू. पण लोणी, बटाटा आणि बेकनवर वाढलेल्या वेल्श पोटांची त्या तेलाने दैना उडाली. सगळ्यांत मोठी तळमळ चहाची आणि ब्रिटिश सिगारेटची. घरून आलेल्या पुड्या वाटेत फुटायच्या, पत्रं सेन्सॉरमधून उशिरा यायची. पैसे मिळाले तरी त्यांतून विकत घेण्यासारखं काही नसायचं.

जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेला उन्हाने कहर केला. नदी आटलेली. माणसं कोरड्या पात्रात हाताने खड्डे करून पाणी शोधत होती. डिसेंबरात तेरुएलला याच्या उलट, उणे अठरा-वीस अंश. गोळी लागण्याआधी थंडीनेच बोटं जायची, दोन्ही बाजूंच्या सैनिकांची. फ्रँकोच्या बाजूचा साधा शिपाईही याच बर्फात, याच उवांत होता, आणि त्यातल्या कितीजणांना तर आपलं गाव ज्याच्या ताब्यात आलं त्याच्या बाजूने लढावं लागलं एवढंच. गाव कुणाच्या हाती पडलं यावर तुमचा गणवेश ठरायचा.

या सगळ्या तक्रारी ऐकायला एक माणूस पाठवला गेला, तो विल पेंटर. जन्म कार्डिफच्याच व्हिटचर्च भागातला, वाढला ऱ्होंडात, खाणकामगारांचा पुढारी. १९३७ मध्ये तो तळावर गेला तेव्हा त्याच्यासमोर रजा, पत्रं, घरी परत पाठवा अशा अर्जांचा ढीग होता. पुढे तो ब्रिटनच्या खाणकामगार युनियनचा सरचिटणीस झाला. युनियनचा माणूस पाठवावा लागला, कारण सरकारचा प्रतिनिधी येणार नव्हता. इकडे घरी बायकामुलांना पेन्शन नाही, भत्ता नाही. त्यांच्यासाठी लोकवर्गणीतून मदत समिती चालायची. सरकारच्या लेखी हे लोक सैनिक नव्हतेच.

कार्डिफच्या बंदराची गोष्ट याला जोडूनच सांगते. इथला कोळसा आणि स्पेनचं लोखंडाचं खनिज यांचा धंदा जुना, त्यामुळे बिल्बाओची वाट इथल्या खलाशांना पाठ होती. एप्रिल १९३७ मध्ये फ्रँकोच्या आरमाराने बिल्बाओची नाकेबंदी केली आणि आत शहर उपाशी पडलं. तेव्हा स्वान्सीचा एक कप्तान, जोन्स, बटाटे भरून बंदराबाहेर थांबला आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'पोटेटो जोन्स' करून जगभर गाजवलं. गंमत म्हणजे तो बटाटे घेऊन बिल्बाओला पोचलाच नाही. पोचला तो कार्डिफशेजारच्या पेनार्थचा कप्तान रॉबर्ट्स, 'सेव्हन सीज स्प्रे' घेऊन, २० एप्रिलला, सोबत जहाजावर स्वतःची मुलगी. प्रसिद्धी आणि काम यांचं नातं तेव्हाही असंच होतं.

युद्धाच्या शेवटी, २८ मार्च १९३९ ला, कार्डिफचा कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन आलिकांते बंदरात 'स्टॅनब्रूक' हे मालवाहू जहाज घेऊन उभा होता. संत्री, तंबाखू, केशर भरून न्यायचं ठरलं होतं. धक्क्यावर मात्र हरलेल्या बाजूचे सैनिक, त्यांची कुटुंबं, शिक्षक, कारकून यांची गर्दी. फ्रँकोचं सैन्य वाटेवर. डिक्सनने माल सोडला आणि माणसं घेतली, २,६३८. जहाज इतकं लवलं की पाण्याची रेघ दिसेना. लोक डेकवर, तळघरात, जिथे जागा मिळेल तिथे उभे. अल्जीरियातल्या ओरानला पोचल्यावरही फ्रेंच अधिकाऱ्यांनी पुरुषांना महिन्याहून अधिक काळ जहाजावरच अडकवून ठेवलं, आणि नंतर अनेकांना छावण्यांत. डिक्सन त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर समुद्रात जहाजासकट बुडाला, जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात. सैनिकाला युद्धावर न्यायला विमानं मिळतात, आगगाड्या मिळतात. हरल्यावर परत न्यायला एक केशराचं जहाज.

आता आपला माणूस. होय, या युद्धात एक मराठी माणूस होता, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. गोपाळ मुकुंद हुद्दार, नागपूरचे. बाळाजी हुद्दार म्हणून ओळखले जायचे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ते पहिले सरकार्यवाह. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला आले, तिथल्या वातावरणात त्यांचे विचार बदलत गेले आणि ते थेट स्पेनला गेले. नाव घेतलं जॉन स्मिथ. ब्रिटिश बटालियनला सुरुवातीला शापूरजी सकलातवालांचं नाव दिलं होतं. मुंबईत जन्मलेले पारशी, लंडनच्या बॅटरसीमधून निवडून आलेले कम्युनिस्ट खासदार. म्हणजे नाव मुंबईचं, शिपाई खाणीतले, आणि त्यात एक नागपूरकर.

१९३८ च्या वसंतात आरागॉनमधून माघार सुरू झाली. ही माघार म्हणजे हाल कसे असतात याचा धडाच होता. संपर्क तुटलेला, जेवण नाही, पुढचं गाव आपलं की त्यांचं हे माहीत नाही. ३१ मार्चला कालासेइतेजवळ बटालियन सरळ इटालियन रणगाड्यांसमोर गेली. आधी त्यांना वाटलं आपलेच आहेत. शंभराहून अधिक जण पकडले गेले. त्याच माघारीत, गांदेसाच्या परिसरात हुद्दारही हाती लागले.

पकडलेल्यांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कोंडलं. शेकडो माणसं दगडी फरशीवर, पाण्याचे नळ जेमतेम, घेवड्याचं पातळ पाणी, उवा, आणि काठीचा मार. फॅसिस्ट सलाम ठोकावा लागे. एक लष्करी मानसोपचारतज्ज्ञ कैद्यांच्या डोक्याची मापं घेऊन 'मार्क्सवादी माणूस मुळातच हीन असतो' हे सिद्ध करायच्या खटपटीत होता. कैद्यांनी त्यातही हाताने लिहिलेलं वर्तमानपत्र काढलं, बुद्धिबळाचे मोहरे केले, एकमेकांना भाषा शिकवण्याचे वर्ग चालवले. जून १९३८ मध्ये पंडित नेहरू बार्सेलोनाला येऊन गेले, तेव्हा हुद्दार त्या मठात होते. १९३८ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली आणि ते भारतात परतले.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला मुंबईहून भारतीय वैद्यकीय पथक चीनला निघालं. त्याचे प्रमुख डॉ. अटल आधी स्पेनला जाऊन आले होते. पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीसांवर शांतारामबापूंनी सिनेमा काढला, त्यांचे पुतळे उभे राहिले, चीनचा प्रत्येक मोठा पाहुणा त्यांची आठवण काढतो. ते काँग्रेसच्या पथकातून, नाव-गाव सांगून, पुढच्या दाराने गेले होते. हुद्दार खोट्या नावाने मागच्या दाराने गेले. ज्या संघटनेत ते आधी होते तिला त्यांची पुढची वाट अडचणीची, आणि ज्यांच्याकडे ते गेले त्यांना त्यांची आधीची. दोघांपैकी मोठा कोण, असा हा प्रश्न नाही. कोणाच्या नावाने कागद होता, एवढाच आहे.

परतलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांचं ७ डिसेंबर १९३८ ला व्हिक्टोरिया स्टेशनवर लोकांनी प्रचंड स्वागत केलं. त्याच दिवशी इकडे माउंटन ॲशला वेल्सच्या मृतांसाठी सभा झाली, पॉल रोबसन गायला. आणि सरकारने काय केलं? घरी आणण्याचा खर्च त्यांच्याकडेच मागितला.

हे सगळं आज का सांगते? कारण सुदान. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' नावाची निमलष्करी फौज यांच्यात यादवी चालू आहे. एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून गेलेत. आपल्या वाहिन्यांवर त्याला दोन मिनिटंही मिळत नाहीत. कार्डिफमध्ये मात्र बंदरामुळे आलेली सोमाली, येमेनी, सुदानी कुटुंबं आहेत, तेव्हा ब्यूटटाउनच्या बाजूला गेलं की ही युद्धं बातमीपुरती राहत नाहीत. माझ्या ओळखीचे एक सुदानी गृहस्थ सांगत होते, अल फाशेरच्या वेढ्यात लोक 'अंबाझ' खात होते. म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. आपल्याकडे ती म्हशीला घालतात. आत अडकलेल्या लष्कराच्या तुकडीला विमानातून रसद टाकली जायची, बाहेर वेढा घालणाऱ्यांकडे वाळवंटात पळणाऱ्या उघड्या टोयोटा गाड्या. मे २०२४ ला सुरू झालेला वेढा ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडूनच संपला.

त्या वेढ्यात कोलंबियाचे निवृत्त सैनिक सापडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिबियातून येणारा एक ताफा पकडला गेला, त्यात त्यांची कागदपत्रं होती. त्यातल्या काहींनी नंतर पत्रकारांना सांगितलं, की आम्हाला आखाती देशात तेलाच्या ठिकाणांची सुरक्षा करायची आहे असं सांगून नेलं, आणि लिबियामार्गे सुदानच्या वाळवंटात उतरवलं. कोलंबियाच्या परराष्ट्र मंत्रालयाला सुदानची माफी मागावी लागली. या युद्धात आपण हस्तक्षेप करत नाही, असं बाहेरचा प्रत्येक देश सांगतो. १९३६ सालच्या लंडनमधल्या समितीतही सगळे हेच सांगत होते. सरकारं जेव्हा "आमचा संबंध नाही" म्हणतात, तेव्हा सैनिक जायचे थांबत नाहीत. ते फक्त मागच्या दाराने जातात, आणि मागच्या दारावर एजंट बसलेला असतो.

युक्रेनचं युद्ध यादवी नव्हे, दोन देशांमधलं आहे. पण आपल्या पोरांच्या बाबतीत दार तेच. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले, सुरक्षारक्षक, हेल्पर अशा नोकऱ्यांच्या नावाखाली तरुणांना रशियन सैन्यात पाठवणाऱ्या एजंटांवर. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की १२६ भारतीयांची प्रकरणं समोर आली, ९६ परतले, १२ मरण पावले, १६ बेपत्ता. 'बेपत्ता' हा शब्द सैन्याच्या भाषेत साधा वाटतो. आईच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. काही मृतदेह यायलाच महिने लागले.

मामेभावाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. हुद्दारांची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली, पण पोराला द्यावी म्हणून. त्याला स्वतःला व्यवहाराचं हवं होतं. ते सांगितलं. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला सरकारी परवाना लागतो, तो ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर नावानिशी तपासता येतो. त्याला फी म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. करार रशियन भाषेतच असेल तर सही करायची नाही. आणि सगळ्यांत आधी, पगार कोण देणार त्या कंपनीचं नाव विचार. सैन्याच्या नावाने करार असेल तर 'हेल्पर' आणि 'सैनिक' यांत फरक कुणी करणार नाही. पोराला फोन दे म्हटलं. तो म्हणाला, "आत्या, मला माहितीये सगळं. पण इथे काय करू ते सांग." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटं बोलवेना. नव्वद वर्षांपूर्वी ऱ्होंडातल्या बेकार पोरांनीही कुणाला तरी हेच विचारलं असणार.

एजंटने दीड लाख मागितलेत. परवान्याचा नंबर विचारला तर "नंतर देतो" म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता मामेभाऊ जरा चाचरत म्हणाला, "ताई, पासपोर्ट मात्र त्याच्याकडे देऊन बसलोय. व्हिसाला लागतो म्हणाला."

सोमवारी सकाळच्या एसटीने तो पुण्याला जाणार आहे, एजंटच्या ऑफिसात, पासपोर्ट परत आणायला. सोबत गावातला एक निवृत्त सुभेदार घेतोय.